पऱ्हाटीतून नॅनोसेल्युलोज : मशीन घ्यावं, का नुसतं वाचावं?

बदनापूरचा_गडी | शुक्रवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

मी बदनापूर तालुक्यातला. घरी सहा एकर कापूस, दोन एकर मोसंबी, उरलेल्यात तूर-सोयाबीन. धागा काढायचं कारण आमचे चुलत बंधू, अण्णा. महिना झाला, अण्णांच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ चालू आहे. एक कोटवाला माणूस आधी पऱ्हाटीची, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांची, मोळी दाखवतो, मग बशीतली पांढरी पावडर दाखवतो अन् म्हणतो, "पोलादापेक्षा मजबूत, किलोला हजारो रुपये." परवा त्याचा फोनपण आला. अठरा लाखांचं मशीन, वर 'तयार माल आम्हीच उचलू' अशी बोली. अण्णा मोसंबीचे आलेले पैसे घालून, उरलेल्यासाठी कर्ज काढायच्या तयारीत आहेत.

मी बीएस्सी केलंय, पण आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल कशी व्हायची ते सांगायला नको. आठ दिवस जमेल तसं वाचलं. समजलं ते असं.

झाडाच्या पेशीची भिंत सेल्युलोजच्या बारीक तंतूंनी विणलेली असते. १८३८ साली आन्सेल्म पायेन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हा पदार्थ वेगळा ओळखला. आपल्याला डोळ्यांनी दिसतो तो कापसाचा एक तंतू म्हणजे खरं तर जाड दोरखंड. त्याचे पेड सोडवत पार ५ ते ५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीपर्यंत गेलं की त्याला नॅनोसेल्युलोज म्हणायचं. पेड सोडवायचे रस्ते दोन. ॲसिडमध्ये टाकलं तर दोराचा पोचट भाग गळून जातो अन् टणक स्फटिक उरतात, तांदळाच्या कणीसारखे तुटक. नाहीतर दाबाखाली किंवा दळून दोर उसवायचा, मग लांब, शेवयांसारखे गुंतलेले तंतू मिळतात, तेही पाण्यात फुगलेल्या खळीसारखे.

आता आपल्याकडं कच्चा माल काय कमी आहे? पऱ्हाटी तर बांधावर पेटवूनच देतो. न द्यावी तर गुलाबी बोंडअळी तिच्यातच मुक्काम करते. मोसंबीच्या ज्यूसवाल्यांकडं सालींचे ढीग, अर्धापूरला केळीची खोडं, लातूरला डाळीचा अन् सोयाबीनचा टरफलाचा माल. मग अण्णांचं खरंच चुकतंय का? पऱ्हाटीत सेल्युलोज शेकडा ४० च्या आसपास असतं म्हणतात. एकरी टनभर पऱ्हाटी धरली तरी आमच्या सहा एकरांत दोन-अडीच टन सेल्युलोज झालं की.

जाणकारांनी जरा उजेड पाडावा. अण्णा सोमवारी ॲडव्हान्स द्यायचं म्हणायलेत.

---

चहाटळ_पाटील | शुक्रवार, रात्री ९.५८

अठरा लाखांत तो कोट पण येतो का, विचारून घ्या.

---

निवांत_आबा | शुक्रवार, रात्री १०.२०

लेका, 'माल आम्हीच उचलू' हे वाक्य मी आयुष्यात चार वेळा ऐकलं. सफेद मुसळीला ऐकलं, कोरफडीला ऐकलं, जट्रोफाला ऐकलं, अन् इमूला तर असं ऐकलं की आमच्या शेजाऱ्यानं पक्ष्याला वाळ्या घालायचं तेवढं ठेवलं होतं. शेवटी ते इमू रस्त्यावर सोडून द्यावे लागले. माल उचलायला कुणी आलं नाही, हप्ता उचलायला मात्र दर महिन्याला माणूस यायचा.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. आधी घेणारा कोण, ते नाव-गाव-पत्त्यासकट विचार. मग मशीन.

दुसरं. तू ज्याला टरफलाचा माल म्हणतोस ती आमच्या म्हशीची थाळी आहे. तुरीची चुनी, सोयाबीनचं टरफल, ज्वारीचा कडबा, यातलं काहीच कचरा नाही. उन्हाळ्यात कडब्याची पेंडी काय भावानं जाते ते मोंढ्यात जाऊन बघ.

---

नलूताई | शनिवार, सकाळी ७.१५

मी संभाजीनगरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. गड्या, तुझं वाचन बरोबर दिशेनं आहे. पण हिशेब पाण्यापाशी येऊन अडतो, अन् व्हिडिओत पाणी दाखवत नाहीत.

ॲसिडच्या पद्धतीचं घेऊ. पद्धत काही आजची नाही, स्वीडनमध्ये उप्सालाला १९५० च्या आसपास रॉन्बी यांनी गंधकाम्लानं सेल्युलोजचे असे कण वेगळे केले होते. आज प्रयोगशाळेत जी कृती सर्रास वापरतात ती अशी: ६४ टक्के गंधकाम्ल, ४५ अंश तापमान, पाऊण तास. ॲसिड तीव्र झालं किंवा तापमान वाढलं की सेल्युलोज जळून काळं, कमी पडलं की तसंच जाड राहतं. आता १ ग्रॅम सेल्युलोजला ८ ते १० मिलिलीटर ॲसिड लागतं. एका किलोचा हिशेब कागदावर मांडून बघ:

ॲसिड ९ लीटर. त्यात निव्वळ गंधकाम्ल जवळजवळ ९ किलो. क्रिया थांबवायला दहापट पाणी ओतायचं, म्हणजे ९० लीटर. मग सेंट्रिफ्यूज, परत धुणं, मग पडद्यातून उरलेलं ॲसिड काढायला आणखी पाणी, ते वेगळंच. उरलेल्या आम्लाच्या पाण्यात चुना घालून ते मारायचं म्हटलं तर सात किलो चुना लागतो अन् त्यातून पंधरा किलोच्या पुढं जिप्समचा चिखल निघतो. हातात स्फटिक किती? तीनशे ते पाचशे ग्रॅम.

चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसं. मोठ्या कारखान्यात ॲसिड परत मिळवायची सोय करतात, कॅनडात क्युबेकला सेल्युफोर्स कंपनीनं २०१२ साली दिवसाला टनभर अशा क्षमतेचा प्लांट सुरू केला. ती सोय अठरा लाखांत बसत नाही.

आणि पोलादाचं. एका सुट्या स्फटिकाचा ताठरपणा खरंच १३०-१५० गिगापास्कलच्या घरात असतो. पोलादाचा २००. पण सेल्युलोज पोलादाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच जड, म्हणून वजनाच्या हिशेबात तो जिंकतो. पोत्यात भरलेली पावडर काही पूल उभा करत नाही, ती दुसऱ्या कशात तरी नीट मिसळावी लागते अन् तिथंच खरी कसोटी असते.

---

लातूरकर_७१ | शनिवार, सकाळी ८.०२

ताईंच्या ९० लीटरला +१. आम्ही २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं आहोत. एमआयडीसीत कुणी 'धुण्याचं पाणी' म्हणलं की आमच्या पोटात गोळा येतो.

आबांनापण +१. सोयाबीनच्या टरफलात लिग्निन, म्हणजे तंतूंना चिकटवून धरणारं द्रव्य, फार कमी असतं, त्यामुळं कागदावर ते पऱ्हाटीपेक्षा कितीतरी सोपं. पण पशुखाद्यवाला दारात गाडी लावून रोख घेऊन जातो. तेच टरफल मागायला गेलं की ते कचरा राहत नाही, त्याला भाव फुटतो. उसाच्या भुश्श्याचंही तेच. दहा वर्षांपूर्वी साखर कारखान्याबाहेर ढीग असायचे, आता बॉयलरला घालून वीज काढतात.

---

जालना_जिनिंग | शनिवार, दुपारी १.३०

जिनिंगमध्ये बावीस वर्षं झाली म्हणून दोन शब्द.

पऱ्हाटीच्या मागं का लागलात? सेल्युलोज पाहिजे तर ते कापसाकडंच आहे की. पऱ्हाटी म्हणजे लाकूड, त्यात शेकडा २०-२५ लिग्निन, साल वेगळी, गाभा वेगळा, वर माती. कापसात मात्र ९० टक्क्यांच्या वर सेल्युलोजच. रुई महाग, ती सोडा. सरकीकडं बघा. रेचा झाल्यावर, म्हणजे रुई वेगळी काढल्यावर, सरकीवर बारीक लव उरते, तिला लिंटर म्हणतात. आपल्याकडं बहुतेक तेल मिलवाले ती लव न काढताच सरकी घाण्यात घालतात. म्हणजे इतकं शुद्ध सेल्युलोज पेंडीतून म्हशीच्या पोटात जातं. आबा, म्हशीला त्याचा राग येणार नाही, तिला पेंडीतलं प्रोटीन पाहिजे.

मुंबईत माटुंग्याला सिरकॉट आहे, कापूस तंत्रज्ञानाची केंद्र सरकारची संस्था, १९२४ पासूनची. त्यांनी नॅनोसेल्युलोजचा पायलट प्लांट उभा केलाय अन् लिंटरवर बरंच काम केलंय. उगीच नाही.

अन् एक गंमत सांगतो. आपल्या जालन्यात बियाणं कंपन्या सरकीची लव काढायला काय करतात? किलोभर सरकीला शंभरएक मिली गंधकाम्ल लावतात, दोन-तीन मिनिटं ढवळतात, लव काळी पडून गळते, की लगेच धुवायचं. बी चकचकीत काळं निघतं. म्हणजे जे ॲसिड ताई सांगतात तेच, जी लव मी सांगतो तीच. फक्त आपण तीव्र ॲसिड लावून तिची राख करतो अन् धुवून सोडून देतो. पूर्वी शेणकाल्यात सरकी चोळून लव बसवायचे, आमची आजी अंगणात बसून करायची. तेव्हा निदान राख तरी होत नव्हती.

---

बदनापूरचा_गडी | शनिवार, दुपारी २.१०

जिनिंगवाले काका, हे भारी सांगितलंत. दर साली बियाणं काळं चकचकीत बघतो, पण ते तसं का, हे डोक्यात आलंच नव्हतं.

---

कागदी_घोडा | शनिवार, रात्री ११.०५

मूळचा परभणीचा, सध्या वापीला कागद मिलमध्ये. ॲसिडचं ताईंनी सांगितलं, मी दळण्याचं सांगतो.

अमेरिकेत आयटीटी रेयोनियरमध्ये टर्बाक, स्नायडर, सँडबर्ग, हेरिक या मंडळींनी १९७० च्या दशकाच्या शेवटी लाकडाचा लगदा होमोजिनायझरमधून, म्हणजे जोराच्या दाबानं बारीक फटीतून ढकलणाऱ्या यंत्रातून, पुन्हा पुन्हा काढला. दुधाला वापरतात तसल्याच होमोजिनायझरमधून. लगद्याची झाली खळ. १९८३ साली त्यांनी ते छापलं. पण व्यापार काही जमला नाही, कारण वीज. नुसत्या दाबानं करायचं तर टनाला २७ ते ३० हजार युनिट लागायची. युनिटला ८ रुपये धरा, किलोमागं विजेचेच २१५ ते २४० रुपये. पुढं एन्झाइमनं किंवा रासायनिक प्रक्रियेनं तंतू आधी सैल करून घेतले तर वीज कित्येक पटींनी उतरते, हे स्वीडिश आणि जपानी लोकांनी दाखवलं. टोकियो विद्यापीठात साइतो अन् इसोगाई यांची टेम्पो नावाची रसायनपद्धत २००६ ची, ती यातलीच.

दुसरं यंत्र जपानी, मासुको कंपनीचं. गड्या, ते चक्क जातं आहे. दोन चकत्या, मधून ओला लगदा. फरक एवढाच की आपल्या जात्यात वरची तळी फिरते, त्यात खालची फिरते, अन् मिनिटाला हजार-दीड हजार फेरे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या आईनं दोन ओव्या म्हटल्या असत्या त्याच्यासमोर.

आता तुझ्या अण्णांना कुणीच सांगणार नाही असं एक. ही खळ वाळवता येत नाही, म्हणजे वाळवली तर मेली. ओल्या तंतूंमधलं पाणी गेलं की ते एकमेकांना असे घट्ट धरतात की पुन्हा पाण्यात टाकून सुटत नाहीत. वाळलेला पापड भिजवून परत उडदाचं पीठ मिळतं का? तसंच. त्यामुळं माल ओलाच विकावा लागतो, दोन-तीन टक्क्यांची खळ. टँकरमध्ये टनभर खळ भरली तर त्यात निव्वळ माल वीस-तीस किलो, बाकी पाणी. जालना ते मुंबई चारशे किलोमीटर तुम्ही पाणी वाहून नेणार. मराठवाड्यातून. पाणी.

स्फटिकांची पावडर करता येते, त्याला रस्ते आहेत. पण स्फटिक म्हणजे ताईंचे ९० लीटर.

---

केळीचा_नाद | रविवार, सकाळी ६.५०

अर्धापूरहून. केळीच्या खोडाचा विषय निघाला म्हणून. घड उतरला की खोड शेतातच कापून टाकतो. खोडात पाणीच जास्त, शेकडा नव्वदच्या आसपास. रेषा, म्हणजे खोडातला धागा, काढायचं मशीन आमच्या भावकीत आहे. क्विंटलभर खोडाला किलो-सव्वा किलो वाळलेली रेषा पडते. रेषा झकास असते, लिग्निन कमी, पऱ्हाटीपेक्षा लवकर शिजते. पण ते खोड मशीनपर्यंत वाहायचं कुणी? दिवसाची मजुरी काय झालीय माहीत आहे ना.

मी तरी दोन हंगाम करून सोडलं. मशीन आहे, कुणाला बघायचं असेल तर या. चहा पाजतो.

---

चहाटळ_पाटील | रविवार, सकाळी ९.११

मोसंबीचं राहिलं.

---

बदनापूरचा_गडी | सोमवार, रात्री ८.३०

अण्णांनी ॲडव्हान्स आठ दिवस पुढं ढकललाय. तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, ९० लीटरला थांबले ते.

पण मलाच राहवलं नाही. काल घरीच करून बघितलं. ओट्यावर नाही, मागच्या वाड्यात. पऱ्हाटीची साल काढली, गाभ्याचे बोटभर तुकडे केले, अडकित्त्यानं बारीक केले. दुकानातून कॉस्टिक सोडा आणला. आईचं जुनं जर्मनचं भगुणं घेतलं, पाणी, सोडा, तुकडे टाकले अन् चुलीवर ठेवलं.

पाचव्या मिनिटाला भगुणं स्वतःच उकळल्यागत फसफसायला लागलं. पाणी कोमट होतं नुसतं, उकळी कुठली. वास असा की डोळ्यांत पाणी. मी घाबरून लाकडं ओढली. थंड झाल्यावर बघतो तर पाणी उसाच्या मळीसारखं काळं, तुकडे तसेच, अन् भगुण्याच्या बुडाला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. एक तर आरपार. आई कालपासून बोलत नाही, जे बोलते ते भगुण्याला उद्देशून.

काय चुकलं?

---

नलूताई | सोमवार, रात्री ८.४१

अरे बाळा! जर्मनचं भगुणं म्हणजे ॲल्युमिनियम. कॉस्टिक त्याला खातं, अन् खाताना हायड्रोजन सुटतो. तू हायड्रोजन सुटणारं भांडं चुलीच्या जाळावर ठेवलंस. लाकडं ओढलीस ते नशीब. डोळे साध्या पाण्यानं नीट धुतलेस का? हातमोजे, चष्मा काही होतं का? नसेल तर पुन्हा कॉस्टिकला हात लावायचा नाही. स्टीलचं भांडं चालतं, पण आता तू थांब.

ते काळं पाणी म्हणजे लिग्निन. गटारात, विहिरीजवळ कुठंच टाकू नकोस. लहान कागद गिरण्यांची हीच रड असते. लगदा काढणं अवघड नाही, ते काळं पाणी कुठं न्यायचं हा प्रश्न. मोठ्या गिरण्या ते आटवून जाळतात अन् सोडा परत मिळवतात. लहानांना तो बॉयलर परवडत नाही.

आणि पांढरं करायला घरातलं ब्लीच आणून त्यात ॲसिड मिसळायचा विचार डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाक. त्यातून क्लोरीन निघतो.

---

निवांत_आबा | सोमवार, रात्री ९.०५

आईला नवीन भगुणं आण. स्टीलचं. मग पुढची केमिस्ट्री.

---

कागदी_घोडा | सोमवार, रात्री ११.३०

ताईंचं ऐक. अन् चहाटळराव दोन शब्दांत जे बोलून गेले ते या धाग्यातलं सगळ्यात कामाचं आहे: मोसंबी.

पऱ्हाटी म्हणजे लाकूड. लाकडाच्या पेशीला जाड दुय्यम भिंत असते, त्यात सेल्युलोजचे तंतू लिग्निननं सिमेंटसारखे चिकटवलेले. तू काल त्या सिमेंटशी भांडत होतास. मोसंबीच्या सालीतला पांढरा गर, गाजराचा चोथा, बीटाचा चोथा, यांच्या पेशींना मुख्यतः पातळ प्राथमिक भिंत असते. त्यात लिग्निन नावापुरतं, मध्ये पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ. पेक्टिन गरम पाण्यानं, सौम्य आम्लानं सैल होतं. मग तंतू सहज उसवतात, विजेचा खर्चही त्यामानानं कमी. सेल्युलोज एकूण कमी असतं हे खरं, पण मिळवायला भांडण नाही.

स्कॉटलंडमध्ये सेल्युकॉम्प नावाची कंपनी आहे, २००४ ची. त्यांनी गाजराच्या चोथ्यापासून सुरुवात केली. आधी मासेमारीच्या गळाचे दांडे केले, मग कळलं की खरं गिऱ्हाईक रंगवाले. रंग घट्ट राहतो, ओघळत नाही, वाळल्यावर चिरा कमी. त्यांच्या मालाचं नाव करन, त्यांच्या भाषेत गाजराला असाच काहीतरी शब्द आहे.

त्यांच्यात अन् अण्णांत फरक काय? त्यांना चोथा एका जागी मिळत होता, कारखान्याच्या दारात, धुतलेला. सहा एकरांतून मोळ्या बांधून आणायचा नव्हता.

---

गूळगप्प | मंगळवार, सकाळी १०.२०

अवांतर. व्हिनेगरच्या बरणीत वर जी जेलीसारखी साय धरते ना, ते पण सेल्युलोजच, जिवाणूंनी विणलेलं. ब्राऊन नावाच्या शास्त्रज्ञानं १८८६ सालीच ते ओळखलं. ना लिग्निन, ना कॉस्टिक, जन्मतःच नॅनो. फिलिपिन्समध्ये नारळाच्या पाण्यावर तीच साय वाढवून गोड करून खातात. आमच्या हिंगोलीत मी गुळाच्या पाण्यावर वाढवतोय, ताटाएवढी चकती आलीय. पाव इंच जाडीला दोन-तीन आठवडे लागतात, घाई असणाऱ्यांनी नादाला लागू नये.

---

बदनापूरचा_गडी | शुक्रवार, रात्री ९.१५

भगुणं आणलं. स्टीलचं, पाच लीटरचं. आई बोलायला लागली.

आता मोसंबी. या वेळी कॉस्टिक नाही, काही नाही. रस काढून उरलेल्या साली घेतल्या, वरचा पिवळा भाग चाकूनं सोलून काढला, पांढरा गर ठेवला. तीनदा पाणी बदलून उकळला. पहिलं पाणी कडू जहर, दुसऱ्यात लिंबाचा रस पिळला, ते पाणी बुळबुळीत निघालं, बहुतेक पेक्टिन. मग फडक्यात पिळून परत धुतला. मिक्सरला लावला. मिक्सर तापला की थांबायचं, असं करत करत तासभर.

निघालं काय? पांढरट, साबुदाण्याच्या खिरीसारखं. चमच्यानं उचललं तर लोंबतं, पटकन पडत नाही. लोणच्याच्या काचेच्या बरणीत पाणी भरून त्यात दोन चमचे घातलं, हलवलं अन् ठेवून दिलं. शेजारी दुसऱ्या बरणीत न वाटलेला गर. सकाळी उठून बघतो तर न वाटलेला तळाला बोटभर थर होऊन बसलेला, वर नितळ पाणी. वाटलेला मात्र वरपासून खालपर्यंत धुक्यासारखा तरंगतच. आजपण तसाच आहे.

झालं का नॅनो?

---

नलूताई | शुक्रवार, रात्री ९.५०

छान केलंस! ही खरी परीक्षा आहे, प्रयोगशाळेतही अवसादन, म्हणजे तळाला बसणं, असंच बघतात. तंतू जितके उसवलेले, तितके ते जाळं करून पाण्यात तरंगतात. पण 'नॅनो' म्हणू नकोस. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्याशिवाय कुणी म्हणू नये. घरच्या मिक्सरनं जाड अन् बारीक दोन्ही मिसळलेले असणार, थोडं पेक्टिनही राहिलं असेल. क्योतो विद्यापीठात २०११ मध्ये लाकडाच्या लगद्याचे तंतू ब्लेंडरनं नॅनोपर्यंत उसवले होते, पण त्यांचा ब्लेंडर मिनिटाला ३७ हजार फेऱ्यांचा. अन् लगदा एकदाही वाळू दिलेला नव्हता, हे महत्त्वाचं. तूही सालीचा गर वाळवला नाहीस, नकळत बरोबर केलंस.

परभणीला कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. बरणी घेऊन जा, कुणी प्राध्यापक नक्की बोलेल. तोंडी विचारण्यापेक्षा बरणी बोलते.

---

कागदी_घोडा | शनिवार, दुपारी १२.४०

बरणी मलाही बघायचीय.

गिऱ्हाइकाचं बोलू, आबा वाट बघत असतील. जपानमध्ये हा माल पहिल्यांदा कशात गेला माहितीय? मोठ्यांच्या डायपरमध्ये वास घालवायला, २०१५ ला. अन् २०१६ ला मित्सुबिशी पेन्सिलनं जेल पेनच्या शाईत घातला, शाई अडखळू नये म्हणून. चिमूटभर लागतो, पण काम करतो. पोलादाच्या गप्पा तिथं कुणी मारत नाही.

आपल्याकडं दोन जागा मला दिसतात, दोन्ही गावाजवळच्या. एक, खोक्याचा कागद. रद्दीपासून केलेल्या कागदाचे तंतू दर फेरीला तोकडे होत जातात, शेकडा एक-दोन अशी खळ घातली तर ताकद सुधारते. गिरणी जवळ असेल तर ओली खळ थेट टाकीत, वाळवायची भानगडच नाही. दुसरं, फळावरचा लेप. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठात ब्लूबेरी, चेरीवर सेल्युलोज नॅनोफायबरच्या लेपाचे प्रयोग झालेत. आपली मोसंबी दिल्लीला जाईपर्यंत सुकते. मोसंबीच्या सालीची खळ मोसंबीवरच. जमेल का ते परभणीवाले सांगतील, मी कागदवाला.

पण साल ज्यूसवाल्याच्या दारातच प्रक्रिया झाली पाहिजे. दोन दिवसांत ती आंबते. अठरा लाखांचं मशीन बदनापूरला वाड्यात ठेवून उपयोग नाही.

---

जालना_जिनिंग | शनिवार, दुपारी ३.२०

लिंटरचं विसरू नका म्हणजे झालं. लव काढायचं मशीन मोठा उद्योग आहे, एकट्यादुकट्याचं काम नाही, पण आमच्याकडं कवडी पडते. अळीनं खाल्लेली, न उमललेली बोंडं. तिला भाव नाही मिळत. दोन पोती हवी असतील तर घेऊन जा, पैसे नकोत. स्टीलच्या भगुण्यात करा.

---

बदनापूरचा_गडी | बुधवार, रात्री ८.५०

अपडेट.

कोटवाल्याचा काल फोन आला. अण्णांनी स्पीकरवर टाकला. मी दोनच गोष्टी विचारल्या. ॲसिडचं धुतलेलं पाणी कुठं सोडायचं, अन् माल उचलणार तो पावडर म्हणून का खळ म्हणून. पहिल्याला म्हणाला, "सर, ते शेतात सोडलं तरी चालतं, खतच आहे." अण्णा कमी शिकलेले असले तरी पस्तीस वर्षं शेती केलीय त्यांनी. फोन ठेवून दिला अन् बैलांना पाणी दाखवायला गेले. त्यावर काही बोलले नाहीत, अजून बोललेले नाहीत.

मोसंबीचे पैसे मात्र शाबूत आहेत.

शुक्रवारी परभणीला जायचं ठरतंय. केळीवाले दादा, परत येताना अर्धापूरला वाकडी वाट करून चहाला येतो. अडचण एकच, बरणीला आता वास मारायलाय, अन् वर काळपट ठिपके आलेत. जाईपर्यंत टिकवायची कशी?

---

नलूताई | बुधवार, रात्री ९.०२

बुरशी आलीय, टाकून दे अन् ताजी कर. नवीन खळ फ्रीजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. गोठली की तंतू एकत्र गोळा होतात, वाळल्यासारखंच होतं. पिशवीत बर्फ घालून घेऊन जा, बसमध्ये खिडकीजवळ उन्हात ठेवू नकोस.

---

बदनापूरचा_गडी | बुधवार, रात्री ९.१०

ठीक आहे ताई. पण दुसऱ्या बरणीत करावी लागेल. ही आईनं मागितलीय, कैऱ्या आल्यात.